रस्त्याचा हक्क

मराठवाड्यातील लोकजीवन घराच्या ओसरीवर घडते त्याहून अधिक रस्त्यावर घडते. परळीच्या वैद्यनाथाची पालखी असो, बीडच्या शहेनशाहवली दर्ग्याच्या उरुसातील संदल असो, की चौदा एप्रिलच्या रात्री निळ्या गुलालात न्हालेली भीमजयंतीची मिरवणूक असो, ज्या समाजाला आपले दैवत आणि आपले निशाण घेऊन भर बाजारपेठेतून वाजतगाजत जाता येते त्याचे अस्तित्व गावाने मान्य केले, असा या मुलखाचा अलिखित संकेत आहे. आणि ज्याला तसे जाता येत नाही त्याचे गावात घर असले तरी त्याला मान असतोच असे नाही. १९७९ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादेच्या दिशेने जो लाँग मार्च निघाला, त्याचा अर्थ म्हणूनच येथील खेड्यापाड्यांना कोणी उकलून सांगावा लागला नाही. समलिंगी व तृतीयपंथी नागरिकांच्या अभिमानयात्रांचा इतिहास न्यूयॉर्क आणि मुंबईच्या अंगाने पुष्कळदा सांगून झाला आहे. या प्रकरणात तो बीड जिल्ह्याच्या अंगाने सांगण्याचा विचार आहे, कारण रस्त्यावर कोणी दिसावे आणि कोणी दिसू नये हा जो या इतिहासाच्या गाभ्याचा प्रश्न, त्याचा एक जुना आणि निष्ठुर दस्तऐवज याच मुलखाच्या दप्तरात सापडतो.

बीड १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलात होते. त्या संस्थानात फसली सन १३२९ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १९१९ च्या सुमारास, ज्यांना आज आपण तृतीयपंथी म्हणतो त्यांच्या बंदोबस्तासाठी एक स्वतंत्र कायदा जारी झाला. त्याचा नमुना इंग्रजांकडून घेतलेला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या-विमुक्तांच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा डाग कसा दिला हे लक्ष्मण माने, लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनांमुळे मराठी वाचकांस ठाऊक झाले आहे. परंतु त्याच कायद्याचा दुसरा भाग केवळ तृतीयपंथीयांसाठी लिहिलेला होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हैदराबादच्या कायद्याने सरकारवर एक नोंदवही ठेवण्याचे काम सोपवले, आणि तीत हैदराबाद शहरातील, तसेच सरकार हुकूम करील त्या अन्य ठिकाणांतील अशा लोकांची नावे व राहण्याची जागा लिहावी असे ठरवले, की ज्यांच्यावर मुले पळवल्याचा, त्यांचे पौरुष नष्ट केल्याचा अथवा अनैसर्गिक अपराधाचा संशय आहे. नोंदीला संशय पुरेसा होता. अपराध शाबीत होण्याची अट नव्हती. अशी नोंद झालेला इसम स्त्रीवेषात किंवा दागिने घालून रस्त्यावर, सार्वजनिक जागेत, अथवा रस्त्यावरील लोकांच्या दृष्टीस पडावे अशा हेतूने अन्य कोठेही आढळला, नाचला, त्याने वाद्य वाजवले किंवा एखाद्या सार्वजनिक करमणुकीत भाग घेतला, तर त्यास वॉरंटाशिवाय पकडावे आणि दोन वर्षांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही शिक्षा द्याव्यात, असे त्या कायद्याचे एक कलम होते.

हे कलम सावकाश वाचावे असे आहे. माडीच्या खिडकीत लुगडे नेसून उभे राहणे हा त्याच्या दृष्टीने अपराध होता, कारण खिडकी रस्त्यावरून दिसते. ज्यांना शेत नाही, वतन नाही, जातीचा धंदा नाही, आणि ज्यांची रोजीरोटी आठवडी बाजारातील दुकानांपुढे टाळी वाजवून मागण्यावर, बारशा-लग्नाच्या घरी ओवाळण्यावर आणि देवीच्या यात्रेतील नाचगाण्यावर चालते, अशा माणसांना लुगडे, दागिने, ढोलके आणि रस्ता या चारही गोष्टींपासून तोडणारा हा कायदा होता. त्याने जे उरू दिले त्याला जगणे म्हणता येणार नाही. आमच्या लोकाचाराने तरी या माणसांसाठी काही कोपरे राखून ठेवले होते. तुळजाभवानीच्या आराध्यांत आणि यल्लमाच्या जोगत्यांत स्त्रीवेष धारण करणारे पुरुष मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्यांच्या गळ्यातील कवड्यांच्या माळेपुढे हात जोडले, त्यांच्या परडीत पीठमीठ घातले. यात्रा उलगली की तीच माणसे चेष्टेचा विषय होत, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की रूढीने वर्षातून काही दिवस तरी त्यांना दिलेला रस्ता कायद्याने बाराही महिने काढून घेण्याची तजवीज केली होती. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत बीड द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. फसली १३२९ चा तो कायदा तेलंगणाच्या कायदेपुस्तकात तसाच राहिला, आणि २०२३ च्या जुलैमध्ये तेथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश उज्जल भुयाँ व न्यायमूर्ती सी. व्ही. भास्कर रेड्डी यांच्या खंडपीठाने तो घटनाबाह्य ठरवीपर्यंत शंभराहून अधिक वर्षे जगला.

इंग्रजी मुलखात याहून व्यापक हत्यार होते. मेकॉलेच्या आराखड्यावरून सिद्ध झालेले भारतीय दंडविधान १८६० साली मंजूर झाले आणि १८६२ पासून अमलात आले. त्याच्या ३७७ व्या कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंधास जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली. हैदराबाद संस्थानाची दंडसंहिता निराळी होती, आणि संस्थान विलीन झाल्यावर १९५१ च्या अधिनियमाने मध्यवर्ती कायदे तेथे लागू झाले तेव्हा हे कलम बीडच्या फौजदारी कचेरीत येऊन पोहोचले. ज्या वर्षांत मराठवाड्याची जनता रझाकारांच्या जाचातून सुटून नव्या घटनेखाली नागरिक झाली, त्याच वर्षांत तिच्यातील काही माणसांवर इंग्रजांचा हा नव्वद वर्षांचा जुना कायदा नव्याने बसला.

रस्त्यावर येण्याआधी हा विषय कागदावर आला, आणि त्या मानात मराठीचाही वाटा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले व १९५३ साली मृत्यूने गाठीपर्यंत एकहाती चालवले. त्यात वाचकांच्या प्रश्नांना ते उत्तरे देत, आणि हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा ज्या गोष्टींचा उच्चारही सभ्य घरांत होत नसे त्यांवर शरीरशास्त्राच्या आधाराने, कोणासही पापी न ठरवता, लिहीत. १९३४ साली अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने मुंबईत वकीलपत्र घेऊन उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला; परंतु अस्पृश्यांना चवदार तळ्याच्या पाण्यापर्यंत नेणाऱ्या पुरुषाने, गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांच्या धामधुमीतून नुकतेच बाहेर पडल्यावर, एका अल्प खपाच्या मासिकासाठी आपला वेळ आणि लौकिक खर्ची घातला, ही गोष्ट मला त्या निकालापेक्षा कितीतरी मोठी वाटते. जयंतीच्या मिरवणुकीत चालणाऱ्या प्रत्येक तरुणास ती माहीत असावी.

त्यानंतरचा दीर्घ काळ मौनाचा आहे. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८०च्या दशकाच्या आरंभी रंगभूमीवर आले आणि एका स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम मराठी प्रेक्षकांपुढे उभे राहिले. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले, व १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' स्थापन झाला. ११ ऑगस्ट १९९२ रोजी दिल्लीत पोलिस मुख्यालयासमोर 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या गटाने निदर्शने केली, कारण एका बागेतून काही पुरुषांना केवळ संशयावरून पोलिसांनी उचलून नेले होते. भारतात या प्रश्नावर लोक प्रथम उघड्यावर उभे राहिले ते असे, अटकेच्या निषेधासाठी.

पहिली पदयात्रा मात्र कोलकात्याची. न्यूयॉर्कच्या 'स्टोनवॉल' या मद्यगृहावर १९६९ च्या जूनमध्ये पोलिसांचा छापा पडला, तेथील गिऱ्हाइकांनी प्रतिकार केला आणि पुढच्या वर्षी त्या दिवसाच्या स्मरणार्थ मोर्चा काढला. त्या घटनेस तीस वर्षे झाली म्हणून २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात पंधरा माणसे पिवळे सदरे घालून मैत्रीची पदयात्रा म्हणून चालली. पंधरा माणसांची मिरवणूक आमच्या एखाद्या वाडीतील भजनी दिंडीएवढीही नव्हे. पण त्यांनी तो दिवस निवडला, आणि पुढे दहा वर्षांनी, नेमक्या २ जुलैलाच, दिल्ली उच्च न्यायालयाने संमतीने एकांतात आलेल्या सज्ञान व्यक्तींना ३७७ वे कलम लागू होणार नाही असा निवाडा दिला. तो निवाडा देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख, न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, हे मूळचे सोलापूरचे.

त्या निवाड्याच्या आदल्या वर्षी, २९ जून २००८ रोजी, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता येथे एकाच दिवशी यात्रा निघाल्या, आणि १६ ऑगस्टला मुंबईत 'क्वीअर आझादी'चा मोर्चा निघाला. दिवस स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवसाचा, आणि प्रारंभाची जागा गवालिया टँक, म्हणजे जेथून १९४२ साली इंग्रजांना चालते व्हा म्हणून सांगितले गेले ते ऑगस्ट क्रांती मैदान. तेथून गिरगाव चौपाटीपर्यंत. इंग्रज गेला पण त्याचे कलम राहिले, एवढे या निवडीतून आपोआप सांगितले जात होते. त्या काळच्या यात्रांत अनेकांनी चेहऱ्यांवर मुखवटे चढवले होते. नोकरी जाईल, घरमालक खोली सोडायला सांगेल, गावाकडे वडील वर्तमानपत्रातील छायाचित्र पाहतील, या भीतीने चेहरा झाकून माणसे आपल्या अभिमानाच्या यात्रेत चालत होती. आणि त्यांच्या शेजारी तृतीयपंथी भगिनी उघड्या तोंडाने, भरजरी साड्यांत, कपाळभर कुंकू लावून नाचत होत्या, कारण झाकण्यासारखे त्यांच्यापाशी काही उरलेच नव्हते. शिकलेल्या, पगारदार समलिंगी तरुणांना रस्त्यावर यायला जे धैर्य एकवटावे लागले, ते या अडाणी ठरवल्या गेलेल्या माणसांनी त्यांच्या कितीतरी आधी रोजच्या भाकरीसाठी दाखवले होते, याची जाणीव या चळवळीच्या इतिहासकारांनी अधिक ठेवायला हवी.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला होता. 'पार्टनर'सारखी कादंबरी आणि 'इंद्रधनू'सारखे माहितीपर पुस्तक लिहून त्यांनी या विषयाला घरोघरी वाचता येईल असे मराठी दिले, हे त्यांचे काम मला मोर्चाइतकेच मोलाचे वाटते. २०११ च्या डिसेंबरात पुण्याची पहिली अभिमानयात्रा निघाली. २०१६ मध्ये नागपूरने आपली काढली. पुण्याच्या यात्रेत पुढे २०१७ साली पोशाखावरून मोठा वाद झाला. यात्रेकरूंनी साधे, सभ्य कपडे घालावेत, म्हणजे ज्यांचे मन वळवायचे ते मध्यमवर्गीय पुणेकर बिचकणार नाहीत, असे खिरे यांचे म्हणणे होते. आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेले कपडे घातले त्याला वर्षातून एक दिवस तरी मनाजोगता पेहराव करू द्या, असे दुसऱ्या बाजूचे. खिरे यांच्या सावधगिरीमागे अनुभव होता, आणि लोकांचे शब्द झेलत त्यांनी जे काम उभे केले ते मी आदराने पाहतो. तथापि ज्याने फसली १३२९ चे ते कलम वाचले आहे त्याला दुसऱ्या बाजूला कौल दिल्यावाचून राहवत नाही, कारण त्या कलमाने पहिला घाला घातला होता तो लुगड्यावर आणि दागिन्यांवरच.

आता बीडकडे वळू. हा जिल्हा ऊसतोड मजुरांचा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर घेऊन लाखो माणसे ट्रॅक्टर-ट्रॉलीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या व्यवहारात मजुराची गणती माणशी होत नाही. ती कोयत्यावर होते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते, दोघे मिळून गाडी भरतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला उचल देताना मुकादम दहा वेळा विचार करतो. ज्या जिल्ह्यात लग्न हे असे रोजगाराचे परिमाण झाले आहे, तेथे स्त्रीविषयी ओढ नसलेल्या तरुणास, अथवा पुरुषाविषयी ओढ नसलेल्या तरुणीस, मला लग्न करायचे नाही असे म्हणणे म्हणजे घराच्या उत्पन्नातील अर्धा वाटा नाकारणे होय. आईबापांचा आग्रह तेथे केवळ रूढीचा नसतो, तो कर्जफेडीचा असतो; आणि अशा लग्नात दोन आयुष्ये कोमेजतात, त्यांपैकी एक तिचे असते जिला कोणी काही सांगितलेलेच नसते.

दिल्लीच्या निवाड्याने जे दिले ते एकांताचे स्वातंत्र्य होते. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते काढून घेतले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ते परत दिले, त्याला प्रतिष्ठेच्या आणि समतेच्या हक्कांची भक्कम जोड देऊन. तो दिवस ज्यांनी पाहिला त्यांचा आनंद खरा होता. पण बीडच्या अंगाने पाहणाऱ्यास एक गोष्ट खटकत राहते, ती ही की एकांताला भिंती लागतात. उसाच्या फडाशेजारी बांबू, पाचट आणि ताडपत्री यांची जी कोपी उभी राहते तिच्यात वाकून शिरावे लागते, तिला दाराऐवजी पोत्याचा पडदा असतो, आत एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला पिठाचा डबा आणि मधल्या जागेत सगळे कुटुंब झोपते, आणि शेजारच्या कोपीतले कुजबुजणेही ऐकू येते. गावाकडचे पत्र्याचे घर याहून फारसे निराळे नाही. अशा माणसाला शयनगृहाचे स्वातंत्र्य दिले तर ते त्याने कोठे उपभोगावे? म्हणून बीडहून नगरमार्गे जाणाऱ्या एस.टी.त बसून पुण्यात शिकायला, नोकरीला, रोजंदारीला जाणाऱ्या या जिल्ह्याच्या तरुणांपैकी कोणाला महानगराच्या यात्रेत चार पावले टाकता आली, तर त्या पावलांचे मोल एखाद्या वातानुकूलित घरातील माणसाच्या पावलांहून अधिक आहे असे मी मानतो: त्याच्यापुरता तो गर्दीचा रस्ताच पहिला एकांत असतो, जेथे त्याला कोणी अमक्याचा मुलगा म्हणून ओळखत नाही.

जिल्ह्यातही काही घडले नाही असे नाही. बीड पोलिस दलातील एका महिला शिपायाने २०१७ साली लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. पुरुष शिपायाच्या भरतीचे निकष वेगळे, म्हणून अर्ज नामंजूर झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले, आणि अखेर राज्य शासनाने अनुमती दिली. २०१८ च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली, व तो शिपाई पुरुष म्हणून त्याच दलात पुन्हा रुजू झाला. माजलगाव, गेवराई, केजच्या चहाच्या टपऱ्यांवर या विषयाची चर्चा महिनोन्‌महिने झाली असेल, आणि तिच्यात थट्टा असेलच. पण खाकी गणवेषातल्या, सरकारी मस्टरवर नाव असलेल्या माणसाची थट्टा करताना जीभ थोडी अडखळते. मग २०२२ च्या मार्चमध्ये बीड शहरात एका तृतीयपंथी वधूचे एका तरुणाशी लग्न लागले, लपूनछपून नव्हे, वऱ्हाडी आणि वार्ताहर यांच्या देखत, अक्षता टाकून. हळद, हार, मंगळाष्टका हा सारा विधी या मातीचाच, आणि त्यातून जे जगजाहीर व्हायचे ते झाले.

कायद्याच्या दृष्टीने ते लग्न उभे राहू शकते. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१९ च्या अधिनियमाने जिल्हाधिकाऱ्याकडे स्वतः अर्ज करून ओळखपत्र मिळवण्याची सोय केली. आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी स्त्रीचा पुरुषाशी, अथवा तृतीयपंथी पुरुषाचा स्त्रीशी विवाह विद्यमान कायद्यांखाली होऊ शकतो असे नमूद केले. त्याच निवाड्याने दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या विवाहास मात्र मान्यता नाकारली व तो प्रश्न संसदेवर सोपवला. रस्त्याचा हक्कही निर्वेध झालेला नाही: २०२० च्या फेब्रुवारीत मुंबईच्या यात्रेस ऑगस्ट क्रांती मैदानाची परवानगी पोलिसांनी नाकारली, नागरिकत्व कायद्याविरुद्धची आंदोलने तीत मिसळतील या शंकेने, आणि चालण्याऐवजी आझाद मैदानात जमण्यावर समाधान मानावे लागले. मोर्चा हा परवान्याचा विषय आहे तोवर हे होत राहणार, आणि ते सोसूनच प्रत्येक पंथाने आपली मिरवणूक मिळवली आहे.

विवाह नाकारला गेल्यावर ज्या बारीकसारीक गोष्टी मागे उरल्या त्यांपैकी एक बीडच्या दृष्टीने मोठी आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व खात्यासाठी एकमेकांस नामनिर्देशित करण्यास आडकाठी नाही असा खुलासा केला, आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातील मानावे अशी सूचना राज्यांना धाडली. शिधापत्रिकेचा अर्ज तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत करायचा असतो. आधारकार्डाच्या झेरॉक्स, रहिवाशाचा दाखला, आणि कुटुंबप्रमुखाशी नाते काय, असा एक रकाना. त्या रकान्यात काय लिहायचे हे पाटोद्याच्या किंवा धारूरच्या अव्वल कारकुनाला अजून कोणी शिकवलेले नसेल, तर ते लेखी परिपत्रकाने शिकवणे हे राज्य शासनाचे काम आहे.